दिसत नाही, पण कुणाला?

नवी डिस्क बसवली, कॅबिनेटचे झाकण लावले, बटण दाबले, आणि ‘धिस पीसी’मध्ये जुन्या सी आणि डी ड्राइव्हखेरीज काहीच नाही. मग दुकानात फोन जातो आणि वाक्य ठरलेले असते : ‘डिस्क डिटेक्ट होत नाहीये.’ त्यावर विचारायला हवा तो पहिला प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. कुणाला डिटेक्ट होत नाही?

कारण डेस्कटॉपमध्ये डिस्क ओळखणारे एकटे कुणी नसते. आधी डिस्कपर्यंत वीज पोहोचावी लागते आणि तिचे सर्किट जागे व्हावे लागते. मग मदरबोर्डवरचा कंट्रोलर तिच्याशी संपर्क साधतो. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, तिचे नाव आणि क्षमता विचारून घेते. नंतर विंडोज आपल्या ड्रायव्हरमार्फत तीच चौकशी पुन्हा करते, डिस्कवरचे पार्टिशन टेबल वाचते, प्रत्येक पार्टिशनमधली फाइल सिस्टिम ओळखते आणि सगळ्यात शेवटी त्याला ई किंवा एफ असे अक्षर देते. ‘धिस पीसी’मध्ये आपण पाहतो तो फक्त हा शेवटचा टप्पा. आधीचा कुठलाही टप्पा अडला तरी पडद्यावर परिणाम एकच : काही न दिसणे. केबल बदल, विंडोज नव्याने टाक, डिस्क परत पाठव, अशी धावपळ सुरू होते ती बहुतेक वेळा भलत्याच टप्प्यावर. अडले कुठे हे आधी शोधले, तर उपाय सहसा सोपा निघतो.

सगळ्यात मोठी विभागणी बायोसपाशी होते. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिले की बायोसचा पडदा उघडतो. तिथे ‘स्टोरेज’ किंवा ‘साटा’ नावाच्या पानावर नव्या डिस्कचे मॉडेल आणि क्षमता दिसते का, एवढेच पाहायचे. दिसत नसेल, तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. अडचण वीज, केबल, स्लॉट, बायोसची सेटिंग किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशात तरी आहे. दिसत असेल, तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवावा. हार्डवेअरने आपले काम केलेले असते.

बायोसला डिस्क दिसत नाही असे धरू. साडेतीन इंची हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्यावर बोट टेकवावे. आत मोटर फिरत असेल तर बारीक थरथर जाणवते. मोटर १२ व्होल्टवर चालते, सर्किट ५ व्होल्टवर. थरथर नसेल तर वीज पोहोचत नाही किंवा मोटरच गेली आहे. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, आलेला दुसरा कनेक्टर लावून पाहिला की यातले बरेचसे स्पष्ट होते. एसएसडीत फिरणारे काही नसते, त्यामुळे तिथे बोटाचा उपयोग नाही. नीट चालणाऱ्या जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल तिला लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. केबल काढता-लावताना मात्र मुख्य बटण बंद हवे आणि प्लग काढलेला हवा.

साटा ही डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत. तिच्या डेटा केबलला सात पिना असतात, विजेच्या कनेक्टरला पंधरा. दोन्हींचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, त्यामुळे उलटे बसत नाहीत. पण तिरपे मात्र बसतात, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये केबल ओढली गेली की अर्धा मिलिमीटर बाहेर येतात. लोखंडी क्लिप असलेली केबल थोडी महाग मिळते. ती घ्यावी. कोकणपट्टीत किंवा खाडीकाठच्या घरात वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी केबल नव्या डिस्कला लावणे तर टाळावेच, दमट हवेत संपर्क खराब होतात.

इथे एका गोष्टीचा इशारा देणे मला फार गरजेचे वाटते. काही एसएमपीएस ‘मॉड्युलर’ असतात, म्हणजे त्यांच्या केबल दोन्ही टोकांना सुटतात. डिस्ककडचे टोक सगळ्यांचे सारखे, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट द्यायचे याचे कुठलेही प्रमाण ठरलेले नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्ये व्यवस्थित बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवू शकते. डिस्क त्याच क्षणी जळते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असू शकतो. एसएमपीएसच्या खोक्यातून आलेल्या केबलशिवाय दुसरी लावू नये. ‘पिन बसली म्हणजे जुळली’ हा समज इथे डिस्कबरोबर वर्षांचे फोटोही घेऊन जातो.

विजेचीच एक वेगळी गंमत मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये भेटते. विजेच्या पंधरा पिनांपैकी पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या. २०१६ च्या साटा ३.३ प्रमाणात तिसऱ्या पिनेला नवे काम मिळाले : तिच्यावर व्होल्टेज असेल तर डिस्क बंद ठेवायची. सर्व्हर-रूममध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. घरच्या डेस्कटॉपमधला जुन्या धाटणीचा एसएमपीएस मात्र त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देत राहतो. डिस्क तो हुकूम इमानाने पाळते आणि फिरतच नाही. एक्स्टर्नल डिस्कच्या कवचातून काढलेल्या किंवा सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये हे अनेकदा आढळते. जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते, त्यामुळे मोलेक्स ते साटा अडॅप्टर लावला की अशी ‘मेलेली’ डिस्क लगेच फिरू लागते. मात्र एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त अडॅप्टर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात. ज्यात प्रत्येक तार वेगळी बसवलेली दिसते तोच घ्यावा.

आता एम डॉट टू. हल्ली अपग्रेड म्हणजे बहुधा हीच च्युइंगगमच्या पाकिटाएवढी पट्टी, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. एम डॉट टू हे फक्त आकाराचे आणि खाचेचे नाव आहे. २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. त्यातून आतली भाषा कळत नाही. त्याच आकारात साटा भाषेत बोलणारी एसएसडी येते आणि एनव्हीएमई भाषेत बोलणारीही. स्लॉटचेही तसेच : काही फक्त साटा समजतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. पट्टीच्या सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. ‘बहुधा’ म्हणायचे कारण याला अपवाद आहेत. लेबल वाचावे, आणि खरेदीआधी मदरबोर्डचे मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. फक्त एनव्हीएमई समजणाऱ्या स्लॉटमध्ये साटा पट्टी घट्ट बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसला ती कधीच दिसत नाही. दोन्ही वस्तू ठणठणीत असतात. दुकानदार ती आपल्याकडच्या मशीनमध्ये लावून चालवून दाखवतो आणि ग्राहकाला वाटते आपला मदरबोर्ड गेला.

दुसरा घोटाळा याहून चकवणारा आहे. नवी एम डॉट टू उत्तम चालते आणि जुनी हार्ड डिस्क गायब होते. लोक म्हणतात, हात लागून जुनी बिघडली. प्रत्यक्षात चिपसेटकडे वेगवान जोडण्यांच्या वाटा मोजक्याच असतात. इंटेलच्या २०१५ मधल्या झेड१७० चिपसेटमध्ये त्या २६ होत्या आणि त्यांतूनच पीसीआय एक्स्प्रेस, साटा, वेगवान यूएसबी अशा सगळ्यांना वाटणी करायची होती. मदरबोर्ड बनवणारा मग काही वाटा दोघांत सामायिक ठेवतो. एम डॉट टू स्लॉट भरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, बऱ्याच बोर्डांवर पाचवा आणि सहावा. मॅन्युअलमध्ये ही गोष्ट एका ओळीच्या तळटिपेत असते. जुन्या डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत येते.

बसवण्याकडेही नीट पाहावे. पट्टी स्लॉटमध्ये साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात सरकवायची, शेवटचा हलका खटका जाणवेपर्यंत. मगच ती खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू लावल्यावर बॅटरीच्या उजेडात स्लॉटच्या तोंडाशी पाहिले आणि सोनेरी पट्ट्यांचा ठळक काठ बाहेर राहिलेला दिसला, तर पट्टी पूर्ण आत गेलेली नाही. स्क्रूखालचा पितळी खुंट योग्य भोकात नसेल तर ती वाकून बसते आणि एका बाजूच्या पिना सुटतात.

ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आता घरोघरी आणि क्लासेसमध्ये दिसतात. त्यांच्या बायोसमध्ये प्रत्येक साटा पोर्ट वेगळा चालू-बंद करायची सोय असते आणि न वापरलेले पोर्ट अनेकदा बंद करून ठेवलेले असतात. अशा पोर्टला कितीही नवी केबल लावली तरी व्यर्थ. बायोसमध्ये जाऊन त्याच्यासमोरची खूण करावी लागते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर ही खूण प्लग काढल्यावर पुन्हा पुसली जाते. घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जाणे ही त्या सेलची ओळख.

हे सर्व तपासूनही डिस्क दिसली नाही तर ती सदोष असू शकते, आणि कधीकधी दोष डिस्कमध्ये नसून तिच्या पलीकडेही असतो. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केले की नुकत्याच बाजारात आलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये रचनेचीच चूक आहे. पोर्ट शून्य आणि एक ठीक होते. दोन ते पाच या पोर्टांची कामगिरी काळानुसार ढासळू शकत होती, कारण त्यांच्या घड्याळ-सर्किटातल्या एका ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज पडत होते. आज दिसणारी डिस्क काही महिन्यांनी दिसेनाशी होण्याची शक्यता, आणि डिस्क निर्दोष! दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला होता. त्याआधी दोन वर्षे, जानेवारी २००९ मध्ये, सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेत उलटा प्रकार घडला होता. फर्मवेअरमधल्या चुकीमुळे काही डिस्क चालू करताच अडकून बसत आणि बायोसला दिसतच नसत. आत सगळा डेटा जसाच्या तसा होता. कंपनीला नवे फर्मवेअर काढावे लागले आणि अडकलेल्या डिस्कमधला डेटा मोफत काढून देण्याची तयारी दाखवावी लागली. ‘बायोसला दिसत नाही’ याचा अर्थ ‘डेटा गेला’ असा लगेच घ्यायचा नसतो, हे त्या प्रकरणात अनेकांना कळले.

आता दुसरी बाजू. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘ड्राइव्ह सापडली नाही’ असा संदेश येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या, विशेषतः ब्रँडेड, मशीनमध्ये याचे नेहमीचे कारण व्हीएमडी नावाची सेटिंग. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क थेट विंडोजसमोर येत नाही, मध्ये इंटेलचा कंट्रोलर उभा असतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर अनेकदा नसतो. दोन मार्ग आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून ‘लोड ड्रायव्हर’ दाबावे, किंवा मशीन कोरे असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावे. विंडोज आधीच टाकलेली असताना मात्र हे बटण सहज फिरवू नये. व्हीएमडी बंद केले किंवा बायोसमधली साटाची सेटिंग रेडवरून एएचसीआयवर बदलली की विंडोज पुढच्याच बूटला निळा पडदा दाखवते, कारण तिला ज्या ड्रायव्हरने डिस्क वाचायची सवय असते तो आता कामाचा राहत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यायची, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये बूट होऊ द्यायचे आणि मग सूचना काढायची. एवढ्याने बहुतेक वेळा निभावते. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी. बायोसमधला बदल ओळखून बिटलॉकर ती मागतो, आणि तेव्हा ती त्याच कुलूपबंद डिस्कमध्ये असून चालत नाही.

विंडोज सुरू आहे, पण नवी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये नाही, ही सगळ्यात सौम्य अवस्था. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. कोरी डिस्क तिथे ‘नॉट इनिशियलाइज्ड’ म्हणून उभी असते. हा बिघाड नव्हे. कारखान्यातून ती अशीच निघते. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा, कुठला तुकडा कुठून कुठवर आणि कुठल्या प्रकारचा याची नोंद. कोऱ्या डिस्कवर ती अजून लिहिलेलीच नसते. इनिशियलाइज करावे, नवे पार्टिशन करावे, अक्षर द्यावे, झाले.

पण हाच संदेश जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल आला तर हात आवरावा. तिथे त्याचा अर्थ नोंद वाचता येत नाही असा होतो. जमीन जागेवर असते. विंडोज मोठ्या आपुलकीने इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का असे विचारते, आणि घाईत ‘हो’ म्हणणारे आपल्या हाताने नोंद पुसतात. डिस्क लिनक्सच्या किंवा मॅकच्या मशीनमधून आली असेल तर विंडोजला तिची फाइल सिस्टिम मुळातच वाचता येत नाही, आणि तरीही प्रश्न तोच विचारला जातो. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स अशा वेळी फार उपयोगी पडते : काही इन्स्टॉल न करता ते बूट करावे आणि डिस्क तिथे वाचता येते का पाहावे. येत असेल तर आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.

इनिशियलाइज करताना विंडोज एमबीआर की जीपीटी, म्हणजे पार्टिशन टेबलाची जुनी पद्धत की नवी, असे विचारते. आजच्या मशीनवर उत्तर जीपीटी. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट मिळतात आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे हिशोब २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटांच्या आसपास संपतो. त्यामुळे एमबीआर केलेल्या ४ टीबी डिस्कमध्ये २०४८ जीबी वापरता येतात आणि उरलेले १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली निष्क्रिय पडून राहतात. ३ टीबीची डिस्क जुन्या ड्रायव्हरवर किंवा जुन्या यूएसबी डॉकमध्ये ७४६ जीबी दिसते, तेही याच मर्यादेमुळे : मोजणी २०४८ जीबीला भरून पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरलेलाच भाग दिसतो. ७४६ हा आकडा दिसला की डिस्क परत करायला निघू नये. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते ती गोष्ट वेगळी; कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तिथे काहीही हरवलेले नसते.

या भिंती नव्या नाहीत. प्रत्येक पिढीने पुरेल असे समजून आकडा लिहायला ठरावीक जागा ठेवली आणि डिस्क तिच्याहून मोठी झाली. नव्वदच्या दशकात भिंत ५२८ एमबीला होती, मग ८.४ जीबीला, मग २८ बिटांच्या पत्त्यामुळे १३७ जीबीला. विंडोज एक्सपीची मूळ आवृत्ती १३७ जीबीच्या पुढे पाहू शकत नव्हती. सर्व्हिस पॅक १ नंतर ती पाहू लागली. मोठी डिस्क अर्धवट दिसत असेल तर तिच्या वाटेतली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, हे म्हणूनच आधी शोधावे.

जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या एसएसडीवर घेतला की आणखी दोन प्रकार होतात. दोन्ही एकदम जोडल्या तर दोघींची डिस्क सिग्नेचर एकच असते, आणि विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करून ठेवते. ती बिघडलेली नसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्या नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करता येते. दुसरा प्रकार महिन्याभराने कळतो : जुनी डिस्क काढली आणि मशीन बूटच होईना, कारण बूटचे छोटे पार्टिशन तिच्यावरच राहिले होते. विंडोज नव्याने टाकतानाही असेच होते, ती बूटच्या फाइली दुसऱ्या जोडलेल्या डिस्कवर ठेवून मोकळी होते. इन्स्टॉलेशन करताना आणि क्लोननंतरच्या पहिल्या बूटला फक्त नवी डिस्क जोडलेली ठेवावी. त्या अवस्थेत मशीन सुरू झाले, तर जुनीवर काही अवलंबून राहिलेले नाही.

आणि शेवटी अशी डिस्क, जी दिसते, मध्येच नाहीशी होते, पुन्हा दिसते. साटा डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून सी७ क्रमांकाची ओळ पाहावी. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा किती वेळा खराब झाला याची ती मोजणी आहे. प्रोग्रॅम आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो; २ए दिसले तर ते ४२. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही, म्हणून आधीचा लिहून ठेवावा, केबल बदलावी, वीस-पंचवीस जीबी कॉपी करून पुन्हा पाहावा. जागचा हलला नसेल तर दोष केबलचा होता. मात्र सी५, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांची ओळ, वाढत असेल तर केबल निर्दोष आणि डिस्क खराब. आणि आतून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये, प्रत्येक वेळी हेड पृष्ठभागावर घासण्याचा धोका वाढतो. नव्या डिस्कची ही तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकावी. दुकानातून डिस्क बदलून मिळण्याची मुदत कंपनीच्या वॉरंटीपेक्षा फार छोटी असते, आणि त्या मुदतीत बिलाबरोबर या दोन आकड्यांचा स्क्रीनशॉट दाखवला की वाद घालावा लागत नाही.